फळ्याचा डावा कोपरा

गुरुवार, १४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार-चमत्कार झाले असं समज. आईचा गुडघा बरा आहे, म्हणजे तिच्या मते. तुझ्या शाळेतली पोरं तुला छळत नसतील, तर त्यांचंच काहीतरी बिघडलं असणार. पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर तू "जेवलीस का?" म्हणून विषय बदलतेस, म्हणून लिहितेय.

तू सुरू केलेली गुरुवारची बैठक अजून भरते. तिसऱ्या मजल्यावरची तीच खोली आणि तुझेच नियम: फक्त संशोधन करणारे विद्यार्थी, प्राध्यापकांना दार बंद, हातात खडू सोडून काही नको, आणि कुणीही कितीही बावळट प्रश्न मधेच विचारावा. घड्याळबाबा अजूनही वेळ संपली की कपावर चमचा वाजवतो. त्याचा स्वतःचा प्रबंध मात्र संपायचं नाव घेत नाही. चारच्या सुमारास फळ्यावर ऊन येतं, खडूची पूड हवेत तरंगत राहते आणि ऐकता ऐकता वाटतं, आपण सगळेच जमिनीपासून जरा वर बसलोय. तेव्हा मला फळ्यापाशी तू दिसतेस, पाठमोरी. मी चहाची किटली घेऊन जिना चढत असते आणि जिना काही संपत नाही. हल्ली हे डोळे मिटले तरी दिसतं.

आता मुद्द्याचं लिहिते. इतका वेळ आईच्या गुडघ्यामागे लपले होते.

पुढच्या गुरुवारी बोलायची पाळी माझी आहे. तुझंच जुनं गणित घ्यावं आणि ते कुठे चुकलं हे नव्या मुलांना दाखवावं, हा माझा शहाणपणा. घड्याळबाबाने तुझा त्या दिवशीचा फळा बैठकीच्या वहीत जसाच्या तसा उतरवलाय. ते पान काढलं. पहिल्या ओळीच्याही आधी, डाव्या कोपऱ्यात, कशाला कुठलं चिन्ह धरलंय ते तू लिहिलं होतंस: काळ उणे, अंतर अधिक.

ताई, मी काळ अधिक धरते, अंतर उणे. आमच्या सरांची तीच सवय. दोन्ही चालतं, एक धरलं की शेवटपर्यंत तेच धरायचं, हे तर तूच मला शिकवलंस. पण त्या दिवशी मी चहा आणायला गेले होते. येईपर्यंत जागा हवी म्हणून तू तो कोपरा पुसला होतास. माझी पहिलीच बैठक. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला: "तिसऱ्या ओळीतलं चिन्ह उलटं आहे." वीस जणांसमोर.

तू खडू खाली ठेवलास. मग म्हणालीस, "ही म्हणतेय म्हणजे असेल. मीच थकलेय."

आठ महिने त्या गणिताशी झगडत होतीस. घरी आल्यावर वही उघडलीच नाहीस आणि जूनमध्ये शाळेत रुजू झालीस. सगळे म्हणाले, धाकटीने थोरलीची चूक पकडली. मला तेव्हा छान वाटलं होतं. लपवण्यात अर्थ नाही.

गेले पाच दिवस तुझं चिन्ह धरून सगळं सोडवतेय. चार वेळा केलं. तुझं बरोबर आहे, शेवटच्या ओळीपर्यंत.

घड्याळबाबाला सांगितलं, तर तो उगाच कप पुसत बसला. मग म्हणाला, "मला तरी कळायला हवं होतं. वही माझ्याच हातात होती."

दोन वर्षं, ताई. ती मी कुठून आणून देऊ? शाळेत तुझा जीव रमतो हे मला माहीत आहे, तेव्हा सगळं सोडून परत ये म्हणायचं तोंड मला नाही. पण एक दुपार ये. माझी पाळी मी तुझ्या नावावर केलीय. नाही आलीस, तर मीच उभी राहीन, आधी तो डावा कोपरा लिहीन आणि कोण चुकलं ते सगळ्यांना सांगेन. आलीस, तर खडू तुझा.

चहा या वेळी दुसरं कुणीतरी आणेल. मी पहिल्या ओळीच्या आधीपासून बसलेली असेन.

तुझी,
उशिरा आलेली धाकटी