चटणीवरचा आळ

सोलापूर,
१८ सप्टेंबर १९७८

प्रिय गौरा,

पत्र पोस्टानं न येता माणसाच्या हातानं आलं म्हणून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही. मी ठणठणीत आहे, आणि मामांचा दमा आहे तिथंच आहे. पत्र घेऊन आलेल्या बाईला आधी ओसरीवर बसव आणि पाणी दे. तू तिला ओळखशील, तुझ्या सासूबाई ओळखणार नाहीत. तू अजून काही बोलू नकोस. पत्र पुरतं वाचून होईपर्यंत तिला जाऊ द्यायचं नाही, आणि ती जाणारही नाही.

आता तुमच्यासाठी, धोंडप्पा, कारण बायकोला हे वाचून दाखवणारे तुम्हीच. मला कानडी बोलता येतं, लिहिता येत नाही. गौराला तर काहीच वाचता येत नाही. मामांनी मला सोलापुरात शाळेला ठेवलं, तिला आईनं हाताखाली ठेवून घेतलं, त्याला आता काय करणार! म्हणून मी मराठीत लिहायचं आणि तुम्ही कानडीत वाचायचं, आम्हा बहिणींच्या मधे कायम तुमचा आवाज असतो. मागच्या पत्रात 'अंगावर जातंय' हे शब्द आले तेव्हा तुम्ही खाकरलात आणि पुढच्या ओळी गिळून टाकल्यात, हे मला कळलंय. मी नर्स आहे हो, मला लाजून कसं चालेल? या पत्रात तसले शब्द पुष्कळ आहेत, त्याहून घाणेरडेही आहेत. एकही गिळायचा नाही. तुमच्या आईला, ईरम्मांनाही जवळ बसवा. त्यांची सवय मला ठाऊक आहे, शेवटचं 'तुझीच' एवढं कानावर पडलं की 'सुटलो बाई एकदाचं' म्हणत पदर झटकून चुलीकडे जातात. आज तो शब्द येईपर्यंत त्यांनी बसायचं आहे.

गौरा, नागपंचमीला तू माझ्याकडे आलीस तेव्हा तुझा हात हातात घेतला आणि उजेडात धरला. नखं पांढरी फटक. परत अंगावर जातंय, थांबत नाही, असं तू पुटपुटलीस. मी म्हटलं, उद्याच दवाखान्यात चल, तर तू भिंतीकडे तोंड केलंस. मरेन पण त्या वॉर्डात पाय ठेवणार नाही, म्हणालीस. तिथं सगळ्यांसमोर अंथरुणात झालं, लुगड्यात झालं, बाया नाकाला पदर लावून बघत होत्या, आता मला माझीच किळस येते अक्का, म्हणालीस. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. असंच रक्त जात राहिलं तर पुढचा उन्हाळा काही तू बघायची नाहीस. हे मी भीती घालायला लिहीत नाही, मला दिसतंय ते लिहितेय.

आणि पाडव्याच्या सुमाराला घडलेलं ते सगळं मला किती उशिरा कळलं! तुझं पोट पडलं, पिशवी धुवायला तुला इथं आणलं, तेव्हा मी ट्रेनिंगला मिरजेत. परत आल्यावर ईरम्मांनीच मला ऐकवलं, अगदी हातवारे करून. शेजारच्या खाटेवरच्या बाईची भाकरी आणि शेंगाचटणी तू आदल्या संध्याकाळी खाल्लीस, म्हणून दुसऱ्या दिवशी तुला हुडहुडी भरली, ओकाऱ्या झाल्या, जुलाब झाले. वॉर्डातल्या बायांनी त्यांना तसं सांगितलं आणि त्या बाईची जातही सांगितली. मग काय! दुधनीला घरी नेऊन तुझ्या डोक्यावर गोमूत्र, तुझं ताट वेगळं, चुलीला हात लावायचा नाही, निजायचं गोठ्याशेजारी पोत्यावर. घरच्या देवालाच ते अन्न सोसलं नाही म्हणे. जळो ते सोसणं!

बरं, आता माझी हकीकत ऐक. आषाढापासून माझी ड्युटी बायकांच्या वॉर्डात लागली आहे. तुझी खिडकीजवळची खाट अजून तशीच कुरकुरते. तिथं मी पहिल्यांदा ती गोळी बघितली. मुंबईहून थर्मासमध्ये बर्फात घालून येते, मेणाची असते, करंगळीच्या पेराएवढी. पिशवी धुवायची तर आधी पिशवीचं तोंड उघडावं लागतं. आजवर ते सळ्या घालून उघडायचे, आधी बारीक, मग जाड, मग आणखी जाड, आणि घाईचा हात असला की तोंड फाटायचंसुद्धा. ही गोळी सकाळी आत ठेवली की दुपारपर्यंत तोंड आपोआप मऊ पडतं आणि हत्यार अलगद जातं. औषध चांगलं आहे, खोटं कशाला बोलू? पण ते अजून पारखायचं चाललंय. म्हणून काही बायांना खरी गोळी देतात, काहींना नुसतं मेण. कुणाला काय मिळालं ते आम्हा नर्सांनाही सांगत नाहीत, म्हणजे पारख चोख होते म्हणतात. आम्हाला नाही सांगितलं तरी फरशी सांगते की! खरी गोळी गेलेली बाई थोड्या वेळात कुडकुडायला लागते, मग ओकते, मग तिला उठून जायलाही सवड मिळत नाही.

मोडनिंबची मुक्ताबाई आली होती. दांडगी बाई, ज्वारीच्या पेंढ्या एकटीनं गाडीत टाकणारी. दवाखान्यात जायचं म्हणून नवंकोरं हिरवं लुगडं नेसून आली होती. आत गोळी ठेवली, आणि मग जे सुरू झालं ते वरून आणि खालून एकदमच. चादर खराब व्हायला नको म्हणून ती बिचारी स्वतःची ओकारी हातात धरत होती गं! मधे पडदा नाही. डबे घेऊन आलेले बाप्ये खाटेच्या पायथ्यावरून जात होते. मायाक्का आयाबाई तोंडाला पदर बांधून फिनेल ओतत होती. आणि तो शिकाऊ डॉक्टर मुक्ताबाईच्या डोक्यावरून मला विचारत होता, सिस्टर, कितव्यांदा, रंग कसा, पातळ का घट्ट. पेन्सिल कानावरची काढली, लिहिलं, परत कानावर ठेवली. मुक्ताबाई थरथरत मला विचारते, बाई, म्या काय खाल्लं वो? सकाळधरनं तोंडात पानी बी न्हाई. आणि मला ताकीद होती, सांगायचं नाही म्हणून.

मला घाणीची किळस नाही, गौरा. इतकी वर्षं हेच उपसते आहे, हात धुतले की भाकरी खाते. पण त्या पेन्सिलीची मला किळस आली. ताकीद गेली चुलीत. मी मुक्ताबाईच्या कानाशी वाकून सांगितलं, बाई, तुझ्या खाण्याचं काही नाही, आत ठेवलेल्या औषधाचं आहे, आपोआप थांबेल. तिनं माझा हात असा धरला की सोडेना. पण बाकीच्या बायांची पंचाईत आधीच सुरू झाली होती, काल हिनं कुणाच्या डब्यातलं खाल्लं? आमच्या वॉर्डात पूर्वी डबे फिरायचे, तुला आठवत असेल, एकीची आमटी दुसरीच्या ताटात. आता जी ती भिंतीकडे तोंड करून जेवते. कुणी ओकलं की सगळ्याजणी मिळून एक डबा शोधतात, आणि तो डबा नेहमी कुणाचा निघतो ते सांगायला नको.

मी मोठ्या डॉक्टरसाहेबांना गाठलं. म्हटलं, बायांना आधी सांगायला काय जातं? ते हसून म्हणाले, सांगितलं तर नुसतं मेण मिळालेल्यासुद्धा ओकायला लागतील सिस्टर, बायकांचं मन हळवं असतं. मी चोरून काही करत नाही, नवऱ्यांना व्हरांड्यात बोलावून प्रत्येकाला नीट समजावतो, मग अंगठा घेतो. एवढं बोलून रुमाल नाकाला लावला आणि राऊंडला गेले. शी! जिच्या अंगात घालायचं तिला सांगायचं नाही, आणि जो व्हरांड्यात विडी ओढतोय त्याला नीट समजावायचं.

गेल्या आठवड्यात रंभाबाई तपासणीला आली होती. तीच, तुझ्या शेजारच्या खाटेवरची, जिचा नवरा मिलमध्ये आहे. मी तुझी बहीण हे तिला कुणीतरी सांगितलं असावं. मला बघून आधी बाजूला झाली, मग हळूच जवळ आली. म्हणाली, सिस्टर, तुमची भन बरी हाय का? माज्या चटणीनं लई हाल झालं म्हनं तिचं. तीच चटणी मी खाल्ली, माज्या पोरीनं खाल्ली, आमाला काय बी झालं न्हाई. पर सगळी म्हनत्यात तर आसंल बी. तवापासनं मी कुणाला घास देत न्हाई बगा. डोळ्यात पाणी नव्हतं तिच्या. माझ्याच आलं.

आता तुला सांगते, आणि हे नीट ऐक. तुला चटणी बाधली नाही. देवाचा कोप नाही, बाट नाही, काही नाही. तुझ्या अंगात खरी गोळी ठेवली होती. हुडहुडी, ओकाऱ्या, जुलाब, सगळं त्या गोळीचं. तू गेल्यापासून कितीतरी बायांचं हुबेहूब तसंच झालेलं मी पुसून काढलंय, त्यातली एकही रंभाबाईकडे जेवली नव्हती. साहेबांना विचारलं, तर तेही सहज म्हणाले, हो, दुधनीची ती बाई होती की खऱ्या गोळीच्या यादीत. तू घाण नाहीस गं माझे बाई. तुला न विचारता तुझ्यावर औषध पारखून बघितलं, एवढंच झालं.

म्हणून येत्या शुक्रवारच्या गाडीनं ये. मी स्टेशनवर उभी असेन. पुन्हा पिशवी धुवावी लागली तर गोळी घ्यायची का नाही ते तू सांगायचं. साहेबांना मी बजावलंय, आधी बाईला विचारा, नाहीतर मी ट्रेला हात लावणार नाही. त्यांनी तोंड वाकडं केलं पण मान हलवली. मला विचारशील तर मी घेतली असती, उशाशी बादली ठेवून आणि पडदा ओढून. पडदा मीच जुन्या चादरीचा शिवून खिडकीजवळच्या खाटेला बांधलाय.

राहिलं शेवटचं. धोंडप्पा, घसा कोरडा पडला असेल, पाणी प्या, पण थांबू नका. साहेबांना तुम्ही चांगले आठवता. बाकीचे नवरे मान हलवून निघून गेले, तुम्ही मात्र परत वळून विचारलंत, ओकाऱ्या-जुलाब संध्याकाळपर्यंत नक्की थांबतील ना? म्हणजे जीव तुटत होता तुमचा, हे मी मानते. मग तुमच्या आईनं अंगणात गौराच्या डोक्यावर गोमूत्र ओतलं तेव्हा बादली कुणी धरली होती? तुम्हाला सगळं ठाऊक होतं. आईसमोर तोंड उघडायला नको म्हणून तुम्ही बायकोला इतके महिने पोत्यावर निजू दिलंत, आणि एका परक्या बाईला आपल्या हाताची चटणी विषारी वाटू दिलीत. मुक्ताबाईचं सगळं मी या हातांनी पुसलं, मला काही झालं नाही. तुमचं हे कळलं तेव्हा मात्र मी मोरीत जाऊन ओकले. मी स्वतः दुधनीला येऊन ईरम्मांना सांगू शकले असते. पण त्यांनी हे माझ्या तोंडून नाही, त्यांच्या मुलाच्या तोंडून ऐकायला हवं, म्हणून पत्र लिहिलं. ओसरीवर बसली आहे ती रंभाबाई. तिची बहीण मैंदर्गीला दिली आहे, तिकडे निघाली होती, मी विचारलं तर म्हणाली, जाते की, मला बी आयकायचंय. पाकीट चिकटवायच्या आधी सगळं पत्र मी तिला वाचून दाखवलंय. तुम्ही कुठं खाकरलात तर राहिलेलं ती सांगेल, कानडी तिलाही येतं. तिच्याजवळच्या डब्यात भाकरी आहे आणि तीच चटणी आहे. आधी तुम्ही घास घ्यायचा, आईच्या समोर, मग गौराला वाढायचं. ईरम्मा, आता उठलात तरी चालेल. सगळ्यांची ताटं घ्या, आणि गौराचं वेगळं ठेवलेलं ताट त्यांच्यातच मांडा.

तुझीच,
अक्का