कागदी मुकुट आणि खरा

यॉर्कचा तुरुंग, शुक्रवार

थॉमसिन, देव तुला आणि एडिथला सांभाळो.

मी बरा आहे, पोटभर जेवतो. तांबड्या गाईला वासरू झालं का?

साक्षीदार फितले आहेत, म्हणजे मला चोर ठरवणार. चोराचं घरदार राजमुकुटाकडे, म्हणजे राजाच्या खजिन्यात, जमा होतं. पण आरोपीने 'दोषी' किंवा 'निर्दोष' म्हटलंच नाही, तर खटला उभा राहत नाही आणि घर तुमचंच राहतं. म्हणून उद्या मी गप्प बसणार. बोलेपर्यंत, नाहीतर जीव जाईपर्यंत, छातीवर दगड रचत जातात म्हणे. फार वेळ लागत नाही.

पहारेकरी म्हणाला, "नाटक्या, तुला गप्प बसणं जमेल का रे?"

कागदी मुकुट घालून जन्मभर बोललो. एडिथला सांग, या खेळात बाबाला एकही वाक्य नाही.

तुझाच,
गर्व्हेस