मीठ कुठे जात नाही

सोमवार, ३ मार्च. पहाटे.
पूलच्या मशीनवर पुन्हा लाल दिवा: मीठ कमी. हे मशीन पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन तयार करतं आणि पाणी स्वच्छ ठेवतं. निदान आत्तापर्यंत ठेवायचं. गेल्या मोसमात मी स्वतः पोत्यांनी मीठ ओतलंय. मीठ उन्हाने उडत नाही. पाणी जातं, मीठ राहतं. गावच्या शाळेत गुरुजींनी परातीत खारं पाणी उन्हात ठेवून दाखवलं होतं. म्हणजे मशीनच खोटं बोलतंय. बदलायचं. संकल्प: शांतपणे, अभ्यास करून, टिकाऊ असेल तेच घ्यायचं.
नेहमीप्रमाणे फिल्टर उलटा धुतला. व्हॉल्व्ह उघडायचा, नामस्मरण पूर्ण होईपर्यंत पूलचं पाणी फिल्टरमधून उलटं मागच्या वाफ्यात सोडायचं, मग नळाने पूल पुन्हा काठोकाठ भरायचा. रोज. लोक म्हणे महिन्यातून एकदा धुतात. देवघर कधी झाडतात कोण जाणे.

मंगळवार, ४ मार्च.
हिचं गुडघा बदलायचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला. जखम भरली, पण गुडघा वाकायचं नाव घेत नाही. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चालवा, पाण्यात वाकवा. २९ला बघू. काटकोनात आला नाही तर भूल देऊन जबरदस्तीने वाकवावा लागेल. हिचा चेहरा उतरला. नर्सने विचारलं, हॉस्पिटलच्या पूलमध्ये नाव घालू का? मी म्हणालो, घरचा असताना लोकांच्या पाण्यात कशाला? डॉक्टरांनी एवढंच बजावलं की पाणी स्वच्छ हवं, नव्या सांध्याला जंतू चालणार नाहीत. मी हसलो. ही हसली नाही.

शुक्रवार, ७ मार्च.
पाण्याला किंचित झाक. ही दिवसभर गॅलरीत पाय स्टुलावर ठेवून बसते, तिथून तिला नको ते सगळं दिसतं. म्हणाली, अहो, शेवाळ धरतंय. मी म्हणालो, आभाळाचं प्रतिबिंब आहे. म्हणाली, आभाळ हिरवं कधीपासून झालं?

रविवार, ९ मार्च.
पूलच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदार मला काका म्हणतो. माझ्याहून फार तर पाचेक वर्षांनी लहान असेल. म्हणाला, पूलला लागतं त्याच्या दीडपट ताकदीचं घ्या, आतल्या क्लोरीनच्या प्लेटा आपोआप साफ करणारं घ्या, सुटे भाग इथे मिळतील असं घ्या. हे मलाही कळत होतं. मी एकेक उचलून पाहिलं. फरशीच्या धंद्यात उभी हयात गेली. वजनावरून माल ओळखतो. एकाला स्क्रीन, पाच दिवे, वर फोनवर निरोप. चुगलखोर. दुसरं जड, दिवा एकच: चालू. मिठाबद्दल चकार शब्द नाही. कमी बोलणारा माणूस आणि कमी बोलणारं मशीन, दोन्ही भरवशाचे.
दुकानदार म्हणाला, काका, घेण्याआधी बाटलीभर पाणी आणा, मीठ तपासून देतो, फुकट. मी त्याला परातीचा प्रयोग समजावून सांगितला. तो दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला. पटलं असावं.

बुधवार, १२ मार्च.
निर्णय होत नाही. वॉरंटीची कलमं वाचतोय. ही म्हणाली, लेकीचं लग्न ठरवताना एवढा विचार केला नव्हता तुम्ही. मी म्हणालो, जावयाबरोबर वॉरंटी येत नाही, त्यामुळे वाचायला काही नव्हतं. मग हळूच म्हणाली, हॉस्पिटलमध्ये विचारू का? मी म्हणालो, चार दिवस दे. तिने गुडघ्यावरून हात फिरवला.
वाफ्यातली जास्वंद करपली. देवाला फूल नाही. माळी म्हणतो, मुळाशी काहीतरी गडबड आहे. माळी बदलायला हवा.

शनिवार, १५ मार्च.
जड मशीन घेतलं. प्लंबरने बसवलं. हिरवा दिवा लागला. मनोमन हात जोडले.
शेजारचे टोपीवाले (अंघोळीतही टोपी काढत नसावेत) जुनं मशीन मागायला आले. त्यांचं बंद पडलंय. मी प्रामाणिकपणे सांगितलं, हे खोटं बोलतं. म्हणाले, बघू, आणि उचलून घेऊन गेले. दया आली.

सोमवार, १७ मार्च.
दिवा हिरवा. पाणीही हिरवं. दुकानदार फोनवर म्हणाला, तोवर कॅनमधलं क्लोरीन ओता. नाही म्हणालो. नवं मशीन असताना कॅन ओतणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास. त्यापेक्षा फिल्टर जास्त धुतो. नामस्मरण दुप्पट केलं. हिच्यासाठीच.

गुरुवार, २० मार्च. दुपार.
ही काठी टेकत, कठड्याला धरत, एकटीच खाली आली. मी धावलो तर हातानेच थांबवलं. भरण्याच्या नळापाशी पाणी जरा बरं होतं. तिथे बोट बुडवून जिभेला लावलं, थुंकली. म्हणाली, हे गोडं आहे. मी म्हणालो, औषधांनी तोंड बेचव झालंय तुझं. म्हणाली, रोज खारं पाणी जास्वंदीला पाजता आणि इथे नळाचं भरता. मीठ उडत नाही, खरं आहे. तुम्ही सोडून देता. तुमच्या गुरुजींच्या परातीला भोक नव्हतं.
मी नळ बंद केला.

शुक्रवार, २१ मार्च.
बाटली घेऊन दुकानात, केवळ हिचं समाधान व्हावं म्हणून. दुकानदाराने मीटर बुडवला, पुसला, पुन्हा बुडवला. म्हणाला, काका, शेवाळ काढलं तर हे प्यायला चालेल. मशीन परत घेईना. त्यात काही बिघाडच नाही म्हणे. जुन्याचा दिवा काय सांगत होता, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, लक्षात नाही.
मीठ आणलं. पण पाणी निवळायला दहा दिवस तरी लागतील. हॉस्पिटलला फोन केला. जागा भरल्या. ही पलीकडच्या खोलीत होती. तिने ऐकलं असावं, कारण तिकडचं दार हळूच लागलं.

शनिवार, २२ मार्च.
टोपीवाल्यांच्या बायकोने हिला हाक मारली, वहिनी, आमच्याकडे या, पाणी बघा कसं आहे. तळाची फरशी मोजता येईल असं होतं. फरशी मीच बसवलेली, सांधे सरळ आहेत. ही पायऱ्या धरून उतरली आणि डोळे मिटून उभी राहिली. पाय वाकवताना ओठ दाबत होती. मी काठावर टॉवेल घेऊन.
कोपऱ्यात आमचं जुनं मशीन. प्लेटा व्हिनेगरने धुतलेल्या. लाल दिवा नाही. टोपीवाले म्हणाले, झकास चालतंय हो, काढलंत कशाला? मी म्हणालो, आम्हाला जरा जड हवं होतं.

शनिवार, २९ मार्च.
काटकोन. थोडा जास्तच. भूल नको. बाहेर येऊन आधी पेढे घेतले.
त्याआधी आत डॉक्टर म्हणाले, बघा, घरच्या पूलचा फायदा झाला. मी मान डोलावली. ही म्हणाली, पूल शेजाऱ्यांचा, डॉक्टर. मशीन तेवढं आमचं.
उद्यापासून नामस्मरण पुढच्या अंगणात, व्हॉल्व्हपासून लांब. हात खिशात ठेवून.