प्रोसेसर कोणता घेतला, ते

प्रिय अहो,

नाव लिहायला घेतलं की हात थांबतो, म्हणून इतक्या वर्षांनीही हेच. पाकीट बघून घाबरू नका, सगळे ठीक आहेत. राणी दहावीच्या अभ्यासात बुडाली आहे, गावी आईंचा गुडघा थंडीनं जरा कुरकुरतो, हंबीरभाऊजी ऊसतोडीत अडकलेत. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही निम्म्यातच 'बरं, बघू' म्हणता आणि विषय संपतो. पत्र मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचता, हे मला तुमच्या पहिल्या पोस्टिंगपासून माहीत आहे. शिवाय तुम्हाला रिपोर्ट क्रमवार लागतो. तेव्हा घरच्या कॉम्प्युटरचा हा रिपोर्ट.

तुमची ऑर्डर स्पष्ट होती. मार्चमध्ये तुम्ही फौजेतून पेन्शनवर येणार. शिरवळच्या कंपनीत सिक्युरिटीची नोकरी ठरलेली, तिथं खोली घेऊन राहणार आणि शनिवारी कराडजवळ आपल्या गावी येणार. राणीची परीक्षा झाली की मी सांगलीचा, विश्रामबागेतला फ्लॅट रिकामा करायचा आणि आम्ही दोघींनी गावच्या घरी राहायला जायचं. हे दिवाळीत ठरलं, तुम्ही, मामंजी आणि आई बाहेर सोप्यात बसला होता तेव्हा. मी आत चकल्या तळत होते. तर कॉम्प्युटर साधा आणि हलवायला सोपा बघायचा, राणीचा अभ्यास, कारखान्याची ऊसबिलं आणि तुमचं पेन्शनचं काम भागलं की पुरे. तुमच्या युनिटमधल्या सिग्नलवाल्या मित्राचं मतही तुम्ही कळवलंत, सगळ्यात लहान प्रोसेसर घ्या, 'घर के लिए काफी है'.

पहिला घोळ हंबीरभाऊजींनी घातला, अर्थात प्रेमानं. प्रोसेसरला तीन, पाच, सात असे नंबर असतात हे त्यांनी कुठून तरी ऐकलं. मग काय, तुमच्या भावाला पाच कशाला चालतोय! "वहिनी, ट्रॅक्टर घेताना बी आमी पन्नास एचपीच्या खाली बगत न्हाई. घरात येणार तर सातच येणार," असं म्हणून त्यांनी ओळखीच्या माणसाकडून एक जुनं मशीन जीपमध्ये गोधडीत गुंडाळून आणलं. नंबर सातच होता, पण दहा-बारा वर्षांपूर्वीचा सात. चालू केलं तर पंख्याचा आवाज रसवंतीसारखा आणि पडद्यावरचं चित्र अडखळत चाललेलं. भाऊजी मागं हात बांधून बघत राहिले. "नंबर सात आन् दम कायच न्हाई की ओ ह्यात," म्हणाले आणि गोधडीसकट परत घेऊन गेले.

मग आम्ही विश्रामबागेतल्याच सोनमच्या दुकानात गेलो. ही मुलगी मूळची कवठे महांकाळकडची. आजोबा मेंढरं घेऊन फिरायचे, ही इंजिनिअर होऊन मशीन जोडून देते. तिनं पाण्याचे ग्लास ठेवले आणि पहिलाच प्रश्न विचारला, काम काय करायचंय ते आधी सांगा, प्रोसेसर त्यावर ठरतो. मी तोंड उघडेपर्यंत भाऊजींनी उत्तर दिलं, पोरीचा अभ्यास आणि घरातलं किरकोळ. सोनमनं माझ्याकडं बघितलं. मला चारचौघांत भाऊजींना खोटं पाडायचं जिवावर आलं. तिनं लहानातला चांगला प्रोसेसर सुचवला, म्हणाली, एवढ्या कामाला याच्या वर खर्च करणं म्हणजे पैसे वाया. तिचं काहीच चुकलं नाही. चुकीच्या कामासाठी तो अगदी बरोबर प्रोसेसर होता.

खरं काम काय, ते तुम्हालाही नीट माहीत नाही, म्हणून लिहिते. मिरजेचे दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं स्कॅन आमच्या लॅबला पाठवतात. जिथं दात नाही तिथं नवा दात मी पडद्यावर घडवते. वरचा आणि खालचा दात एकमेकांना किती टेकतात, घास नीट चावला जाईल का, गालाला लागणार नाही ना, सगळं बघावं लागतं. केसभर जास्त झालं तर माणूस जेवताना शिव्या घालतो. मग लॅबमधलं मशीन तो दात कोरून काढतं. मी लॅबमध्ये लागले तेव्हा प्लास्टरचे साचे धूत होते. आता पूर्ण जबड्याच्या केसेस माझ्याकडं येतात आणि दोन डॉक्टर तर माझं नाव लिहून काम पाठवतात. दिवाळीआधी लॅबच्या मालकीणबाईंनी विचारलं, स्वतःचं मशीन घेऊन जादाच्या केसेस घरून कराल का? मी ते त्याच दिवशी तुम्हाला फोनवर सांगितलं. तुम्ही म्हणालात, "बरं आहे, तेवढाच टाइमपास." त्या शब्दाचा मला राग आला होता. अजून आहे. पण पुढं लिहिते.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात एकटी गेले आणि सोनमला म्हणाले, काम माझं आहे. काय काम ते सांगितलं, पेनड्राइव्हवर एक जबडाही नेला होता. तो बघून ती खुर्ची ओढून बसली. "आवं वहिनी, मग काल का बोलला न्हाईसा?" मग तिनं दोन प्रोसेसर समोर ठेवले. एकात कोर जास्त, दुसऱ्यात कमी पण वेगवान. कोर म्हणजे काय विचारलं तर म्हणाली, चुली समजा. जास्त चुली असल्या तर एका वेळी जास्त भांडी चढतात, पण तुमचं एकच मोठं पातेलं असलं तर चुली मोजून उपयोग नाही, जाळ किती आहे ते बघायचं. माझं पातेलं एकच, जबडा. दोन्ही मशीनवर तिनं तो फिरवून दाखवला. दुसऱ्यावर तो असा सरसर फिरला की मला हसूच आलं.

तर तोच घेतला. नव्या पिढीचा, नंबर पाचाचाच आहे, भाऊजींना सांगू नका. सोबत वेगळं ग्राफिक्स कार्ड, भरपूर मेमरी आणि लाइट गेली तरी काम बुडू नये म्हणून मोठी बॅटरी. बोर्ड असा निवडला की पुढं काही वर्षांनी नुसता प्रोसेसर काढून ताकदीचा घालता येईल. पैसे माझ्या खात्यातले. लॅपटॉप घ्या, नेण्याआणण्याला बरा, असं सोनमही एकदा म्हणाली होती. मी मोठा डबाच घेतला. मधल्या खोलीत खिडकीजवळ तुमची काळी ट्रंक होती ती पलीकडं सरकवली आणि तिथं टेबल मांडलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं गावी नेऊनही करता येईल. येईल. नेट गावीही चांगलं आहे, खोटं कारण मी देणार नाही. पण दिवाळीत मी लॅबचा लॅपटॉप घेऊन मागच्या खोलीत बसले होते, आठवतंय का? अर्जंट केस होती. आई तासाभरात कितीदा तरी दारात येऊन गेल्या. "आगं संयोगिता, पावणं आल्याती, च्या टाक. ते दात काय पळून जात्यात व्हय?" त्या रागानं नाही बोलल्या, हसतच बोलल्या. त्यांचा जीव आहे माझ्यावर, हे मला ठाऊक आहे. पण त्या घरात सून दुपारभर दार लावून खुर्चीत बसली आहे, हे कुणालाच जमणार नाही. मलाही जमणार नाही. मी उठेन, चहा टाकेन, आणि हळूहळू डॉक्टर दुसऱ्या कुणाचं नाव लिहायला लागतील. आणि हे सगळं कुणासाठी? तुम्ही तर शिरवळला असणार. लग्नापासून तुम्ही एकीकडं आणि मी दुसरीकडं हेच चाललंय. पेन्शनवर येऊनही तेच करायचं?

म्हणून हे पत्र. मी गावी राहायला येणार नाही. फ्लॅट सोडणार नाही, राणी इथंच कॉलेजला जाईल, आणि जानेवारीपासून मी घरून काम सुरू करते आहे, तसं लॅबला लिहून दिलं आहे. सणाला, सुगीला, आईंच्या दवाखान्याला मी येईन, बोलवायची वाट न बघता. मामंजींना आणि आईंना मी स्वतः जाऊन सांगणार आहे, पण त्याआधी तुम्हाला कळावं असं वाटलं. मला तुम्ही हवे आहात. शेजारच्या बायका विचारतात तेव्हा 'येतील आता' म्हणून म्हणून मी कंटाळले आहे. राग येईल तुम्हाला, येऊ दे, पण तो फोनवर काढू नका. शिरवळची नोकरी सुरू झाली की शनिवारी बसमध्ये बसाल तेव्हा कराडचं तिकीट काढू नका, सांगलीचं काढा, आणि घरी येऊन काय रागवायचं ते रागवा.

तुमचीच,
संयोगिता