वर्षाच्या आत आणलेला अ‍ॅम्प्लिफायर

अण्णा, खोलीतल्या टेबलावर आज दुपारपासून एक काळे यंत्र आहे आणि त्याच्याकडे पाठ करून मी तुम्हाला लिहायला बसलो आहे. हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात त्याला. तुमची सून जाऊन अजून वर्ष झालेले नाही. या दोन गोष्टी एका घरात कशा बसत नाहीत हे तुम्हाला समजावून सांगावे लागणार नाही, कारण घरात वर्ष कसे पाळायचे हे मी तुमच्याकडूनच शिकलो.

आई गेली तेव्हा मी कॉलेजात होतो. तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि तुम्ही बाहेरच्या खोलीतल्या रेडिओवर आईनेच भरतकाम केलेले कापडी आवरण चारही बाजूंनी ओढून बसवलेत. "वर्षभर याला हात लावायचा नाही," एवढेच म्हणालात. तो रेडिओ असे बाहेरच्या खोलीत, पण लागत असे तो स्वयंपाकघरासाठी. आई पोळ्या लाटते आहे आणि गाणे मधली भिंत ओलांडून तिच्यापर्यंत थोडे मंद होऊन पोहोचते आहे, असे ते घर होते. गाणे थांबले की ती आतून विचारायची, "काय हो, वीज गेली की तुम्ही बंद केलात?" तुम्ही आवाज पुन्हा वाढवायचात.

त्याच हिवाळ्यात शेजाऱ्यांच्या गॅलरीत उभा राहून मी क्रिकेटचे समालोचन ऐकत होतो. जिना चढताना तुम्ही मला पाहिलेत. चारचौघांत काही बोलला नाहीत, घरात आल्यावर पायांतल्या चपला काढता काढता म्हणालात, "जनाची नाही, निदान मनाची तरी लाज बाळग." मग स्वतःच पाने घेतलीत आणि आमटी वाढलीत. तुम्ही तेव्हा स्वयंपाक नुकता शिकत होता. आमटीत मीठ नव्हते. ते बोलण्याची सोय दोघांनाही नव्हती. आपण तशीच जेवलो.

वर्षश्राद्ध झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही आवरण काढून त्याची घडी घातलीत आणि रेडिओ लावलात. तो जुना सेट तापायला वेळ घेई. मी वाट पाहत होतो, की आता काहीतरी आईच्या आवडीचे लागेल. लागले ते बाजारभाव. गूळ, भुईमूग, हळद, तूर. तुम्ही हाताची घडी घालून उभ्याने ते शेवटपर्यंत ऐकलेत. मला त्या वेळी हसू आवरले नव्हते, आणि तुम्ही माझ्याकडे वळूनही पाहिले नव्हते.

आता या वर्षाचे सांगतो. तुमची नात मांजरी गावात राहते, दर रविवारी येते. तिने यंदा दारात आकाशकंदील लावला नाही, फराळाचे केले नाही, नवे कापड अंगाला लावले नाही. मैत्रिणीच्या मुलाचे बारसे होते, तिकडे नुसती भेटवस्तू पाठवली. मी तिला यातले काहीही सांगितलेले नाही. ती माझ्याकडे पाहून करते. बाबांनी स्पीकर बंद ठेवले आहेत, म्हणजे घरात वर्ष पाळले जात आहे, असा तिचा सरळ हिशेब आहे. निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलेले ते दोन स्पीकर कोपऱ्यात आहेत तसेच आहेत, हे खरे. पण मी काय केले, तर कोणाला ऐकू जाणार नाही अशी वाट शोधली. जनाची सोय हेडफोनने होते, अण्णा. राहिली मनाची, तर तिच्यासाठी कोणी उपकरण काढलेले नाही.

आधी मी मोबाईलला साधा हेडफोन लावून माझ्या संग्रहातली जुनी गाणी ऐकू लागलो. त्यात एक विचित्र गोष्ट जाणवली. त्या काळच्या ध्वनिमुद्रणांत गायक एका बाजूला आणि साथ दुसऱ्या बाजूला ठेवलेली असते. समोर स्पीकर असले तर काही बिघडत नाही, कारण डावीकडचा आवाज उजव्या कानालाही पोहोचतो, किंचित उशिरा आणि किंचित मंद. हेडफोनमध्ये तो मार्गच बंद होतो. डाव्या कानात गाणारा, उजव्या कानात पेटी आणि मधे डोक्याच्या जागी पोकळी. दोघे एकाच बैठकीत बसले आहेत यावर विश्वास बसेना. शोध घेतला तेव्हा कळले, की काही उंची अ‍ॅम्प्लिफायरमध्ये यावर उपाय असतो. त्याला क्रॉसफीड म्हणतात. ते डाव्यातले थोडे उजव्यात आणि उजव्यातले थोडे डाव्यात सोडते. माझी उभी नोकरी सरकारी मसुदे तपासण्यात गेली. मी त्याच चिकाटीने या यंत्रांचे गुणदोष वाचू लागलो. सकाळी उठण्यास काहीतरी कारण मिळाले. ते कारण हे असावे, याची तेव्हा लाज वाटली नाही. ती आता वाटते.

अशी यंत्रे ऐकवून विकणारे एक गृहस्थ बिबवेवाडीत आहेत. पिठाच्या गिरणीवर त्यांची खोली आहे. फोनवर म्हणाले, "एक ते चारमध्ये या. गिरणी बंद असते. सगळं पुणं झोपतं तेव्हा आमचं दुकान उघडतं." जिन्यावर पिठाचा थर होता. वर मात्र धुळीचा कण नव्हता. त्यांनी दोन यंत्रे मांडली.

"हा काचेच्या नळ्यांचा, जुन्या रेडिओसारखा. लोक याचा आधी फोटो काढतात, मग ऐकतात."

"आणि हा दुसरा?"

"हा दिसायला सरकारी आहे. पण तुम्ही म्हणता ते क्रॉसफीड यातच आहे."

"मी सरकारी नोकरीतच होतो."

"मग जमेल तुमचं."

मी माझ्याकडची एक जुनी मैफल लावायला सांगितली. नळ्यांच्या यंत्रावर स्वर मधाळ होता, पण गायक डाव्या कानातून हलायला तयार नव्हता. दुसऱ्यावरही तसाच होता, इतक्यात त्यांनी पुढे वाकून एक छोटी कळ खाली केली. गायक उठून समोर येऊन बसला, अण्णा. दुसरा शब्द मला सुचत नाही. पेटी त्याच्या शेजारी आली, तबला थोडा मागे, आणि मधली पोकळी कोणीतरी सतरंजी अंथरावी तशी भरून गेली. मी डोळे मिटले. चीज संपेपर्यंत उघडले नाहीत.

हेडफोन काढल्यावर त्यांनी विचारले, "घरी स्पीकर नाहीत का?"

"आहेत. पण आमच्या मंडळींना आवाज सहन होत नाही."

ते मोठ्याने हसले. "अहो, कोणाच्या मंडळींना होतो? हा सगळा धंदा वहिनींच्या कृपेवर चाललाय." मीही हसलो. जिवंत माणसाबद्दल हसावे तसे हसलो.

मी खोटे बोललो. वर्षाच्या आत हौसेची वस्तू घेणारा विधुर म्हणून त्यांच्यासमोर उभे राहावे लागू नये, यासाठी मी तिला जिवंत केले, आणि वर आवाजाची तक्रारही तिच्या नावावर लावली. किंमत विचारू नका. तुम्ही विचारली असतीत तर तीही मी कमी करून सांगितली असती.

यंत्र घरी आणून जोडून देण्याची त्यांची पद्धत आहे. मी नको म्हणायला हवे होते. ते सुचले नाही. आज दुपारी ते कात्रजला आमच्या फ्लॅटवर आले, खोका हातात घेऊनच आत शिरले आणि समोर तिचा फोटो, त्याला चंदनाचा हार. मी भिंतीकडे पाहत होतो. त्यांनी खोका खाली ठेवला, फोटोला नमस्कार केला आणि तारा जोडू लागले. त्यांनी काही विचारले असते तर उत्तर देऊन मोकळा तरी झालो असतो. सगळे झाल्यावर म्हणाले, "हे स्पीकरलाही जोडता येतं. एकदा तपासून बघतो." कळेवर हात ठेवून ते थांबले, फोटोकडे मान वळवली आणि हळू आवाजात विचारले, "वहिनींना चालेल ना?"

त्यात टोमणा होता की काय होते, हे मला अजून ठरवता आलेले नाही. मी म्हणालो, "आज नको." त्यांनी कळ तशीच सोडली. निघताना चपला घालत म्हणाले, "यावर काही झाकू नका. तापतं ते, हवा लागते. आणि मन घेत नसेल तर रविवारी येऊन घेऊन जाईन. संकोच करू नका."

म्हणून ते उघडेच आहे. आईचे ते आवरण माझ्या कपाटात आहे. मी ते बाहेर काढले होते, यंत्राच्या मापाला धरून पाहिले आणि परत घडी घातली. रविवारी तुमची नात येईल. तिला ते दिसेल, किंवा ते गृहस्थ तिच्याआधी येऊन घेऊन जातील. दोहोंपैकी एक मला ठरवायचे आहे, आणि तुमचे ते चपला काढता काढता म्हटलेले वाक्य समोर ठेवले तर काय ठरवावे हे उघड आहे.

परंतु मसुदा पुन्हा वाचल्याखेरीज सही करायची नाही, ही जुनी सवय. वर मी 'खोटे बोललो' असे लिहिले आहे. ते बरोबर नाही. तुमच्या सुनेला अर्धशिशी होती. मी काही लावले की ती आतून म्हणायची, "अहो, जरा हळू." मी हळू करायचो, मग बंदच करायचो, आणि ती त्यावरून वेगळी रागवायची. ती कळ खाली झाली आणि गायक समोर येऊन बसला तेव्हा मी मनात म्हणत होतो, की चला, आता आवाजातून हिची सुटका झाली. संध्याकाळी घरी गेल्यावर हिला सांगितले पाहिजे. त्यांनी स्पीकरचे विचारले तेव्हा मी जे बोललो, ते या ओघात बोललो. लपवण्यासाठी नव्हे. मी विसरलो होतो. जिन्यात, पिठावर उमटलेली माझीच वर येतानाची पावले दिसली, तेव्हा ती गेल्याचे मला पुन्हा आठवले.

खोटे बोलल्याची लाज मी तुमच्यासमोर मांडू शकलो असतो, या विसरण्याची नाही. हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग नाही, याचे आज प्रथमच बरे वाटते आहे. कारण रविवारी ते यंत्र मी परत देणार नाही, तुमच्या नातीला ते दिसू देणार आहे, आणि तिने विचारले तरी खरे कारण सांगणार नाही, की मला ते तसे विसरणे आणखी एकदा हवे आहे.