कॅमेऱ्यात आलेली शेजारीण

मंगळवार, संध्याकाळ

बायकोला होणाऱ्या मारहाणीविरुद्धच्या जाहिरातीचं शूटिंग आज मोशीतल्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये होतं. किंकाळ्या ऐकून शेजारी येतात का, ते दाराबाहेर कॅमेरा लपवून टिपायचं. कल्पना माझी. खरं तर जाहिरातींच्या स्पर्धेला पाठवायची म्हणूनच सुचलेली.

आमची नटी रेश्मा बराच वेळ ओरडत होती. कोणी फिरकलं नाही. दिग्दर्शक निखिल त्यावरच खूश; कोणी येत नाही, हेच तर त्याला दाखवायचं होतं. मग खालच्या मजल्यावरची एक बाई धावत वर आली, हाताला कणीक तशीच. रेश्माचं मनगट धरून म्हणाली, "चल खाली माझ्याकडं. आमचे मालक शिफ्टला गेल्यात, घरात कुणी न्हाई."

आम्ही खरं काय ते सांगितलं. ती ओशाळली. निखिल म्हणाला, "ताई, हेच दाखवू आपण. तुमचा चेहरा पुसट करू."

"आमचे मालक आवाज वळखतील की," ती म्हणाली. "मग मला सोडतील व्हय?"

इतक्या घाईनं तीच का आली, ते तेव्हा कळलं. तो कणकेचा हात अजून डोळ्यांपुढून जात नाही. तिच्यासमोरच मी निखिलला ते चित्रण पुसायला लावलं.

"बक्षीस गेलं तुझं," तो पुटपुटला.

गेलं तर गेलं. पण तिला न विचारता टिपलं होतंच ना आम्ही?

ती निघाली. दारातून परत वळली आणि रेश्माला हळूच म्हणाली, "पण तुला खरंच कुणी मारत न्हाई ना?"