तुझ्या गाडीला राजापुरी हळद

सांगली,
मंगळवार, दुपार

जिवाभावाचा मित्र कृष्णात यास सांगलीहून चांदसाहेब अत्तार याचा सलाम. वहिनींना वेगळा, आणि जास्त आदराचा.

तुझा गुडघा कसा आहे? तुमच्या कोइमतूरच्या त्या वैद्याचं तेल अजून लावतोस, की वास येतो म्हणून वहिनींनी बंद पाडलं? सोनं गाळायच्या गलाईच्या भट्टीपुढून उठलास की लगेच पंख्याखाली बसू नकोस, हे मी गेली तीस वर्षं सांगतोय आणि तू गेली तीस वर्षं ऐकत नाहीस. इकडं आम्ही सगळे मजेत आहोत. तुझ्या भाभीची, नूरजहांची, कंबर मधूनमधून धरते, आपल्या पोरीचा, शाझियाचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा पहिल्या वर्गात पुरा झाला, यार्डात नवी हळद यायला लागली आहे, आणि तुझी गाडी उत्तम आहे. गाडीची अजिबात काळजी करू नये. हे पत्र गाडीबद्दल आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. माझा उजवा कान गेल्यापासून मला फोन स्पीकरवर ठेवावा लागतो, आणि स्पीकरवर ठेवला की आपलं बोलणं घरात, ओट्यावर आणि समोरच्या पिठाच्या गिरणीतही ऐकू जातं. (मागं तू मूळव्याधीचं बोललास, त्यानंतर गिरणीवाल्यानं मला दोन औषधं सांगितली. चिठ्ठी सोबत जोडली आहे.) शिवाय पत्रात माणसाला मध्येच तोडता येत नाही, आणि तुला तोडायची सवय आहे.

दिवाळीनंतर तू गाडी माझ्या शेडात लावून गेलास, कारण विट्याला ठेवली तर तुझा भाऊ तीत मक्याची पोती भरेल अशी तुला भीती होती. जाताना तू दोन गोष्टी बजावल्यास. दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, आणि आतलं काहीही उघडायचं नाही. पहिली गोष्ट मी वीस रविवार नेमानं पाळली. त्यातल्या शेवटच्या काही रविवारी शेडात एक गोडूस वास येऊ लागला. मी म्हटलं, साखर कारखान्याच्या मळीचा असेल, वारा तिकडूनच आहे. शाझियानं बॉनेट उघडलं (तिनं उघडलं, मी नाही), आत वाकून बघितलं आणि म्हणाली, "अब्बा, कारखाना बंद हून पंधरा दिस झालं. ह्यो वास गाडीचा हाय."

मग तिनं मला दाखवलं की कूलंटच्या डब्यातली पातळी खुणेच्या चार बोटं खाली गेली आहे, पण जमिनीवर थेंब नाही. टर्बो फार तापतो, त्याला थंड ठेवायला एक बारीक पाण्याची नळी जाते, त्या नळीच्या तोंडाची क्लिप सैल झाली आहे, आणि गळणारं पाणी तापलेल्या टर्बोवर पडून जागच्या जागी आटतं, असं तिचं म्हणणं. टर्बो म्हणजे काय तेही तिनं समजावलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो इंजिनाला जास्तीची हवा पाजतो. मी म्हटलं, म्हणजे उष्टं परत वाढण्यातला प्रकार. ती म्हणाली, तसं नाही. मी म्हटलं, अडतीस वर्षं मी हळदीच्या यार्डात काढलीत, गळती मला शिकवू नकोस, चहा ठेव.

आता हे एवढं तोडून का बोललो, ते सांगायला हवं. साताऱ्याच्या एका मोटारींच्या वर्कशॉपचं शाझियाला पत्र आलं होतं. नोकरी पक्की, एक तारखेच्या आत होकार कळवायचा. मी नाही म्हणालो. पोरीच्या जातीनं गाडीखाली लोळायचं, हाताला काळं लागायचं, परगावी खोली करून राहायचं, हे मला पटलं नाही. त्याऐवजी मी एका ओळखीनं पाचगणीच्या एका निवासी शाळेत तिच्यासाठी वसतिगृहाच्या मदतनिसाची मुलाखत ठरवली. (पाचगणीसुद्धा परगावच आहे, हे नूरजहांनं माझ्या लक्षात आणून दिलं.) मुलाखत गेल्या बुधवारी सकाळी अकराला होती. एस.टी.नं गेलं तर तीनदा बदलावी लागते. तुझी गाडी शेडात होती. आपली दोस्ती शाळेपासूनची. तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास, म्हणून विचारलं नाही.

पण गळक्या गाडीनं घाट चढणं बरं नव्हे, एवढं मलाही कळतं. यार्डात असताना ट्रकचे ड्रायव्हर माझ्याकडून मूठभर हळद मागून न्यायचे. रेडिएटर गळायला लागला की त्यात टाकायचे, आणि पार बेळगावपर्यंत निभावायचं. यात नवल काही नाही. बोट कापलं की आपण हळदच दाबतो आणि रक्त थांबतं. मुलाखतीच्या आदल्या दिवशी शाझिया बाजारात गेली तेव्हा मी अस्सल राजापुरी घेतली, घरी कांडलेली, नूरजहांच्या ओढणीतून दोनदा गाळलेली. पुडीतली भेसळीची हळद तुझ्या गाडीला घालण्याइतका मी हलका नाही. ड्रायव्हर लोक एक चमचा घालायचे. तुझी गाडी भारी, म्हणून मी पाव किलो घातली.

बुधवारी साताऱ्यापर्यंत गाडी पाण्यासारखी चालली. मी शाझियाला हळदीचं सांगितलं. ती तापमानाच्या काट्याकडं बघत राहिली. वाई सोडून पसरणीच्या घाटाला लागलो आणि तिसऱ्या वळणावर काटा सरळ लाल रेघेत गेला. मी गाडी कडेला घेतली. बॉनेटखालून आधी वाफ आली, मग फेस आला, आणि मग डब्याच्या टोपणातून पिवळं पाणी असं उसळलं की तुझं पांढरं बॉनेट, पुढची काच आणि माझा मुलाखतीसाठी घातलेला सदरा (मुलाखत तिची होती, पण बाप म्हणून मीही घातला होता) एका रंगाचे झाले. मी पाण्याची बाटली घेऊन ओतायला धावलो, तर शाझियानं मनगट धरलं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी पडलं तर तडकंल, म्हणाली. दीड तास थांबायचं.

त्या दीड तासात बऱ्याच गाड्या थांबल्या. दोघांनी विचारलं की नवरा-नवरी मागून येतायत का. एका म्हाताऱ्या जोडप्यानं तर बॉनेटला हात लावून कपाळाला लावला आणि मला विचारलं, "पालीच्या खंडोबाला जाऊन आलासा व्हय?" एवढी श्रद्धा बघून मला नाही म्हणवेना. मी मान हलवली. त्यांनी मला केळं दिलं आणि मी ते खाल्लं, कारण अकरा वाजून गेले होते आणि पाचगणी अजून वरच होती.

शेवटी शाझियानंच सगळं केलं. स्ट्रॉबेरीची टोपली घेऊन कडेला बसलेल्या हरणाबाईंकडून तिनं ठिबकच्या नळीची एक क्लिप मागून घेतली, त्यांच्याच हंड्यातलं पाणी भरलं, नळी आवळली, आणि गाडीचं तोंड खाली वळवलं. हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनाची आग थोडी आत येते आणि काटा खाली राहतो, असा तिचा हुकूम. मार्चच्या उन्हात, हीटर लावून, शिजलेल्या हळदीच्या वासात आम्ही थांबत थांबत सांगलीला पोचलो. मुलाखत बुडाली. वाटेत ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

नंतरचे तीन दिवस गाडी आमच्या शेडात उघडी होती. शाझिया हळदीचं रिकामं पोतं अंथरून खाली गेली, खालचं बूच काढलं, आणि आम्ही बादल्यांनी आत साधं पाणी सोडत बसलो. चौदाव्या बादलीला रंग गेला. (राजापुरीचा रंग चौदा पाणी टिकतो असं मी व्यापाऱ्यांना जन्मभर सांगत आलो, पुरावा आत्ता मिळाला.) थर्मोस्टॅट म्हणून एक झडप असते, तिच्यात हळदीची चांगली रुपयाएवढी वडी जमली होती. मग नवी नळी, नवी क्लिप, नवं कूलंट. गाडीचं तोंड ओट्याच्या उतारावर चढवून ठेवलं, म्हणजे आतली हवा वर येऊन निघून जाते. माझ्याकडं टॉर्च धरायचं काम होतं. टॉर्च जरा हलला की गाडीखालून आवाज यायचा, "अब्बा, हितं. त्यो टायर हाय."

कृष्णात, तिनं सुटलेला प्रत्येक बोल्ट पुसून वर्तमानपत्रावर ओळीनं लावला होता, लहान-मोठा बघून, जसा मी हळकुंडांचा नमुना लावायचो. शेवटी इंजिन चालू केलं, तशी ती डोळे मिटून उभी राहिली. मी विचारलं, काय करतेस. ती म्हणाली, "तुमी हळकुंड मोडून आवाजावरनं माल वळखता न्हवं? तसंच हाय की." मी टॉर्च विझवायचा विसरलो. मला फार आनंद झाला आणि फार लाज वाटली, दोन्ही एकदम, आणि त्या पोरीला यातलं एकही सांगता आलं नाही. मी म्हटलं, चहा ठेवतो. आणि ठेवला.

तर एकंदरीत गाडी उत्तम आहे. वर्कशॉपच्या बाबतीत मी माझ्या शब्दावर ठाम आहे, ते वेगळं सांगायला नको. गुडघ्याला जप.

तुझा,
चांदसाहेब

ता. क. बॉनेटवर उजव्या बाजूला पिवळी छटा राहिली आहे. उन्हात धरली की दिसते. उन्हात धरू नकोस.

ता. क. आता मुद्द्याचं. एक तारखेला आठच दिवस आहेत. मी दोनदा नाही म्हणून बसलोय, एकदा ईदच्या जेवणात तिन्ही मेव्हण्यांसमोर आणि एकदा गिरणीच्या बाकावर. माझा नकार मला स्वतःला मागं घेता येत नाही, हा स्वभाव तुला माहीत आहे. पण तुझा शब्द मी कधी मोडला नाही, हेही गल्लीला माहीत आहे. तर शनिवारी संध्याकाळी सातला फोन कर. स्पीकर चालू असेल. गाडीवरून माझ्यावर ओरड, मनापासून ओरड, हळदीबद्दल काय वाटेल ते बोल. मग म्हण की पोरीला साताऱ्याला पाठव, नाहीतर आपली दोस्ती संपली. मी गप्प बसेन. शेवटी 'दोस्ताचा शब्द आहे, काय करणार' एवढंच म्हणेन. गिरणीत आपोआप ऐकू जाईल. नूरजहांचा मात्र साताऱ्याला सक्त विरोध आहे, ती रडेल, तिच्याशी मायेनं बोल.

ता. क. पाकीट चिकटवायला नूरजहांकडं दिलं होतं. तिनं आधी वाचलं. ती म्हणते, तिचा विरोध कधीच नव्हता. ईदला मी नकार दिला तेव्हा ती मीठ आणायला आत गेली होती, आणि तिनं अडवलं नाही म्हणजे ती माझ्या बाजूची असं मी धरून चाललो. शाझियाची बॅग परवापासून भरून पलंगाखाली आहे, आणि गिरणीवाल्यानं साताऱ्यात आपल्या बहिणीकडं तिच्यासाठी खोली बघून ठेवली आहे. म्हणजे नाही म्हणणारा आख्ख्या गल्लीत मी एकटाच उरलो होतो, आणि हे मला कुणी सांगितलं नाही. तरीसुद्धा तू फोन कर. नूरजहां म्हणते, सातला नको, साडेसातला कर, तोवर तिन्ही मेव्हणे येऊन बसतील.